नव्याचे नऊ दिवस आणि अठ्ठावीस फुटांची गाडी

मंडळी, गेले दोन महिने माझ्या माहेरी एकाच विषयावर खल चालू आहे. माझ्या भाच्याला लिमोझिन आणायची आहे. लिमोझिन म्हणजे इंग्रजी सिनेमात दिसते ती लांबलचक पांढरी मोटार. आत समोरासमोर सोफे, रंगीत दिवे, आणि पार दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर. परदेशातून अशी एक जुनी गाडी आणायची आणि नाशिकमध्ये ती लग्नाला, वाढदिवसाला, वायनरी बघायला येणाऱ्या मुंबईकरांना भाड्याने द्यायची, असा त्याचा बेत. त्याच्या दोन टुरिस्ट गाड्या आज रस्त्यावर आहेत, त्यामुळे हा धंदा त्याला नवा नाही. पैसे कमी पडतात म्हणून दिंडोरीकडची द्राक्षबाग तारण ठेवायचं चाललं आहे. भाऊ ठाम नाही म्हणतो. भाचा मला म्हणतो, "आत्या, तू तरी बाबांना समजाव."

दुसऱ्याला समजवायचं तर आधी आपल्याला समजायला हवं. म्हणून मी माहिती काढत बसले, आणि त्यातून माझं जे मत झालं ते इथे लिहिते आहे. (भाच्याला विचारूनच लिहिते आहे बरं का, नाहीतर उद्या सगळे माझ्यावर रागवायचे!)

मत सरळ आहे. ही गाडी आणू नये. भाड्याचा धंदा माणसाला पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गरजेवर चालतो, आणि ही गाडी लोक एकदा बघण्यासाठी बोलावतात. नव्याचे नऊ दिवस सरले की उरतो तो बँकेचा हप्ता.

आधी कायद्याचं बघू. परदेशातून जुनी मोटार आणायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अटी आहेत. गाडी तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी. स्टीअरिंग उजवीकडे हवं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. शिवाय गाडी पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असावी आणि तिच्या दुरुस्तीची सोय देशात असावी. आता भाच्याने मोबाईलवर दाखवलेली गाडी या अटींना लावून बघा. अमेरिकेत ज्या गाडीवर अशा लिमोझिन सर्रास बनत, ती लिंकन टाउन कार फोर्डने २०११ सालीच बंद केली. म्हणजे वयाच्या अटीत ती बसत नाही. तिचं स्टीअरिंगही डावीकडे. पहिल्या दोन अटींतच गाडी नापास.

समजा अटींत बसणारी एखादी मिळालीच, तर पुढे कर आहे. जुन्या मोटारीवरचं आयात शुल्कच तिच्या किमतीहून जास्त असतं. त्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. मोठ्या मोटारींना तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. तिकडे वीस लाखांना पडलेली गाडी इथे दारात येईपर्यंत साठ लाखांच्या पुढे जाते. कोणा एजंटाने त्याला सांगितलं की पर्यटनाच्या धंद्याला सवलतीत आणता येते. अशी योजना होती खरी. पण २००९ ते २०१४ च्या धोरणात ती सवलत हॉटेलं आणि प्रवासी कंपन्या यांच्यासाठी होती, आणि तीही चालू व मागच्या तीन वर्षांत मिळून दीड कोटी रुपयांचं परकीय चलन कमावलेल्यांना. दोन टुरिस्ट गाड्यांच्या मालकासाठी ते दार कधी उघडंच नव्हतं.

"मग इथलीच गाडी मधून कापून लांब करून घेतो," असं तो म्हणाला. त्यालाही आडकाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं. मग "विंटेज म्हणून आणू." पण जुलै २०२१ च्या विंटेज नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या अशा गाड्या धंद्यासाठी चालवता येत नाहीत. इतकी दारं बंद असताना कोणी म्हणेल की करून देतो, तर तो काय करून देणार हे आधी विचारावं. कारण गाडी अडकली तर एजंट अडकत नाही, बाग अडकते.

आता रस्त्याचं बघू. अशी लिमोझिन सुमारे अठ्ठावीस फूट, म्हणजे साडेआठ मीटर लांब. पुढच्या आणि मागच्या चाकांत सहा मीटरचं अंतर, आणि पोट जमिनीलगत. आपल्या रस्त्यांच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. प्रत्यक्षात कॉलनीतले गतिरोधक कोणत्या पुस्तकात बघून करतात ते गोदामाईलाच ठाऊक! पुढची चाकं उतरली, मागची अजून चढायची आहेत आणि गाडीचं पोट मध्ये टेकलं आहे, असा नवरदेव मला डोळ्यांसमोर दिसतो. सराफ बाजारात किंवा भद्रकालीत ती वळणार कुठे? बस लांब असते, पण ती उंच असते आणि तिच्या ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसतो. गंगापूर रोडच्या लॉन्सपर्यंत ही गाडी जाईलही. पण लॉन्सच्या दाराशी, वरातीच्या गर्दीत, मागे घेताना काय?

हे हसण्यावारी नेऊ नका, कारण पुढचा मुद्दा माणसांच्या जिवाचा आहे. १८ जुलै २०१५ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आठ मैत्रिणी वायनरी बघायला लिमोझिनने गेल्या होत्या. परतताना ती लांब गाडी यू-टर्न घेत असताना एका पिकअपने तिला बाजूने धडक दिली. चौघी गेल्या. त्याच राज्यात स्कोहरी गावाजवळ ६ ऑक्टोबर २०१८ रोजी एका वाढदिवसाला निघालेल्या मंडळींच्या लिमोझिनचे ब्रेक उतारावर निकामी झाले. सतरा प्रवासी, ड्रायव्हर आणि दोन पादचारी, अशी वीस माणसं गेली. ती गाडी महिनाभर आधीच्या तपासणीत नापास झाली होती, तरीही भाड्याने दिली गेली. ती भाड्याने देणारी कंपनी चालवणाऱ्याला २०२३ मध्ये मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं गेलं. मोटार मधून कापून तिच्यात नवा तुकडा जोडला की वजन वाढतं, ब्रेकवर ताण येतो, बाजूने धक्का सोसायची ताकद बदलते. जिथे अशा गाड्यांचे कारागीर आणि सुटे भाग आहेत तिथे हे घडलं. आपल्याकडे तिचा एक ब्रेक दुरुस्त करायला माणूस कुठून आणणार?

आता शाळेतलं गणित. सगळं धरून गाडी सत्तर लाखांना पडली समजा. दहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज सात लाख. दहा वर्षांत गाडी संपणार, म्हणून दरवर्षीची झीज सात लाख. ड्रायव्हर तीन लाख. विमा, टायर, दुरुस्ती आणि एवढी लांब गाडी ठेवायला जागा, असे आणखी तीन लाख. झाले वीस लाख. आता ती वर्षात चालणार किती दिवस? चातुर्मासात लग्नसराई थंडावते. उरलेल्या काळातही मुहूर्ताच्या दिवशी पाचजण एकदम मागणार, दुसऱ्या दिवशी कोणी नाही, आणि गाडी एकच. साठ दिवस धरले (हे मी मोठ्या मनाने धरले आहेत), तर एका दिवसाचे तेहेतीस हजार झाले. तेही पेट्रोल सोडून आणि नफ्याचा एक रुपया न धरता. एवढे पैसे दोन तासांच्या वरातीसाठी कोण देणार? बरेचदा देणार तो मुलीचा बाप, आणि तोही कर्ज काढून. ज्या धंद्याचं गिऱ्हाईक कर्ज काढून आलेलं असतं, त्या धंद्याचे पैसे वसूल करणं किती अवघड असतं ते भाच्यालाच चांगलं माहीत आहे.

नाशिकला वाहनाच्या धंद्याचा एक जुना दाखला आहे. १८८९ च्या सुमारास नाशिकरोड स्टेशन ते मेनरोड अशी ट्राम सुरू झाली. आधी ती घोडे ओढायचे. स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर दूर, मधे रान, येणारे यात्रेकरू पुष्कळ. म्हणजे गरज रोजची होती, गिऱ्हाईक बाराही महिने होतं. तरीसुद्धा १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती तोट्यात जाऊन बंद पडली. रोजच्या गरजेची ट्राम जिथे चाळीसेक वर्षांत थकली, तिथे हौसेची गाडी किती टिकेल?

तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं प्रत्येक नव्या गोष्टीला नाहीच म्हणतात. तसं नाही हो. याच नाशिकमध्ये 'सुला'ची पहिली वाईन २००० साली बाहेर आली आणि आज ती बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात. ते धाडसच होतं. पण द्राक्ष इथल्या मातीत, इथल्या हवेत होत होतं. नवी कल्पना जुन्या मुळावर उभी राहिली. भाचा ज्यांचं नाव घेतो ते बंगळूरचे रमेश बाबू बघा. केशकर्तनाचं दुकान चालवता चालवता त्यांनी एक मारुती ओम्नी घेऊन ती भाड्याने द्यायला सुरुवात केली, ती नव्वदच्या दशकात. त्यांच्याकडे रोल्स रॉईस आली २०११ मध्ये. भाच्याला २०११ दिसतं. मधली पंधरा-सतरा वर्षं साध्या गाड्यांनी ओढली, ती दिसत नाहीत.

माहिती काढताना एक गंमत कळली. मोटार लांब करायचा उद्योग अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या फोर्ट स्मिथ गावी १९२८ च्या सुमारास सुरू झाला, आणि त्या लांब गाड्यांतून वाद्यवृंद आपली वाद्यं घेऊन गावोगाव फिरत. म्हणजे आपल्या भाषेत, वाजंत्र्यांची गाडी! माणसं जास्त, सामान अवजड, म्हणून गाडी लांब. गरज होती म्हणून लांबी आली. थाट मागाहून चिकटला.

हाच धागा धरून भाच्याला माझं सांगणं आहे. लग्नात गाडीची खरी गरज नवरा-नवरीला नसतेच, त्यांना दोनशे पावलं मिरवायचं असतं. गरज असते वऱ्हाडाला. नाशिकरोड स्टेशनवर पहाटे उतरणारे आजी-आजोबा, गुडघे धरून बसलेल्या काकू, बॅगा, आहेर, रुखवताची ताटं. यांना लॉन्सवर, तिथून त्र्यंबकेश्वरला, सप्तशृंगीला नि परत स्टेशनवर वेळेवर कोण नेतं? बारा आसनांची, खाली पायरी असलेली, धरायला दांडा असलेली, एसी चालू असणारी एक चांगली गाडी घे. मोटार वाहन कायद्यात सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवाशांच्या गाडीला मॅक्सीकॅब म्हणतात. तिचं परमिट मिळतं, सुटे भाग द्वारका चौकात मिळतात, आणि मुहूर्त नसेल त्या दिवशी ती वायनरीला जाते, शिर्डीला जाते, मुंबई विमानतळाला जाते. २०२७ च्या सिंहस्थात तिला काम असेल आणि सिंहस्थ उलटल्यावरही असेल. मग सजवायची हौस असेल तर झेंडूची तोरणं बांध, कोणी नाही म्हणणार नाही. एवढ्या गाडीला द्राक्षबाग तारण ठेवावी लागत नाही.

भावालाही एक सांगायचं आहे. पोरगा धंदा वाढवू बघतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. नुसतं "नाही" म्हणून विषय संपवू नकोस. त्याच्या शेजारी बस, वरचं गणित त्याच्याकडून त्याच्या हाताने मांडून घे, आणि बाग तारण न ठेवता जेवढी गाडी येते तेवढीला सही दे.

तुमच्यापैकी कोणाचा गाड्यांचा धंदा असेल आणि माझ्या आकड्यांत काही कमी-जास्त वाटत असेल, तर जरूर लिहा. भाचा वाचतो आहे.