वाकड्या फांद्यांची हेझल

मैत्रिणींनो, लेक नाहीतर सून इंग्लंडात असली की चार-सहा महिन्यांचा मुक्काम ठरलेलाच. त्यात ऐन थंडीत गेलात तर बागेत बघायचं काय, असा प्रश्न पडतो. झाडं सगळी उघडीबोडकी! पण उत्तर लंडनच्या एनफिल्ड भागातल्या मिडल्टन हाउसच्या बागेत मात्र मुद्दाम हिवाळ्यात जा.

तिथं एक हेझल आहे. चॉकलेटात घालतात त्या हेझलनटचीच जात, पण ही शोभेची. एक फांदी सरळ असेल तर शपथ! बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी काडी न् काडी पीळ खात वाढते. 1863 च्या सुमारास ग्लॉस्टरशायरमधल्या फ्रॉस्टर गावाजवळ, कुंपणाच्या झुडपांत ती प्रथम सापडली. मिडल्टन हाउसचे ई. ए. बोल्स (1865–1954) म्हणजे मोठे हौशी बागवान. अशी विचित्र वाढीची झाडं त्यांनी एका कोपऱ्यात जमवली आणि कोपऱ्याचं नाव ठेवलं 'वेड्यांचं इस्पितळ'! (नाव मला काही आवडलं नाही, झाडं आवडली.)

उन्हाळ्यात ही हेझल बघू नये. सुरकुतलेली पानं, जणू कीड लागल्यासारखी. पण जानेवारी-फेब्रुवारीत पान नसताना तिला पिवळे तुरे लोंबतात, अगदी कानातल्या झुब्यांसारखे. हे नर तुरे. मादी फूल म्हणजे एवढासा लाल धाग्यांचा पुंजका, तो जवळ जाऊनच दिसतो.

आता खरी गोष्ट. हे झाड बहुधा साध्या हेझलच्या खुंटावर कलम केलेलं असतं. बुंध्याशी सरळसोट, टवटवीत फुटवे येतात, ते त्या खुंटाचे. दिसतात मोठे गुणी! पण राहू दिले, तर काही वर्षांत तेच माजतात आणि पीळदार फांद्या मागे पडतात. लेकीच्या अंगणात हे झाड असलं, तर कात्री वाकड्या फांद्यांवर नका चालवू बरं. सरळ असतील त्याच काढायच्या.

आपल्या डोळा भरलेल्या गुलाबाचंही हेच. जोडाच्या खालून जोमदार फूट आली की आपण हरखतो, नि पुढं हवं ते फूलच येईनासं होतं. अशी फूट वरवर छाटली तर पुन्हा दुप्पट येते. माती उकरा, ती मुळाला जिथं चिकटलीय तिथं पोचा आणि हातमोजे घालून खाली ओढून उपटा. मग माती पुन्हा सारखी करा.