लुका गेला, निको गेला. पण हिशेब कोण देणार?

डॅलस मॅव्हरिक्सने ११ नोव्हेंबर २०२५ रोजी आपले जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना काढून टाकले. त्या दिवशी संघाच्या खात्यात ३ विजय आणि ८ पराभव होते. रात्री बातमी आली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिठाईचे इमोजी पडू लागले. मीही एक टाकला. पण सकाळपर्यंत तो आनंद ओसरला, कारण मूळ प्रश्न तसाच उभा होता. लुका डोंचिचला लॉस एंजेलिस लेकर्सच्या हवाली करण्याचा निर्णय हॅरिसन यांनी सुचवला, हे खरे. पण मालक पॅट्रिक ड्युमॉन्ट यांच्या मंजुरीशिवाय तो झालाच नसता. मॅनेजर गेला आणि मंजुरी देणारे खुर्चीवर राहिले. आपल्याकडेही एखाद्या संस्थेत घोटाळा झाला की सेक्रेटरीचा राजीनामा घेतात आणि ट्रस्टी फोटोत तसेच हसत राहतात. हे तसेच झाले.

बास्केटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा वाजले असतील. बातमी फुटली की डॅलसने लुकाला लेकर्सला दिले आणि बदल्यात अँथनी डेव्हिसला घेतले. पत्रकाराचे अकाउंट हॅक झाले असावे असेच बहुतेकांना वाटले. लुका तेव्हा २५ वर्षांचा होता. सलग पाच वर्षे तो लीगच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत निवडला गेला होता. आदल्या हंगामात सरासरी ३३.९ गुण घेऊन तो सर्वाधिक गुण करणारा ठरला होता, अटलांटाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने ७३ गुण केले होते आणि जेमतेम आठ महिन्यांपूर्वी त्याने संघाला फायनल्सपर्यंत नेले होते. असा खेळाडू या वयात कुणी विकत नाही.

माझे मामू विचारतात, "अरे, त्या अमेरिकेतल्या टीमचं तुला काय पडलंय? आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का?" मामूंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. मी भायखळ्यात वाढलो, नागपाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नागपाड्याच्या कोर्टांनी या देशाला अब्बास मुंतसिर दिले. ते भारताचे कर्णधार झाले, १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आमच्या मोहल्ल्यात पोरांना क्रिकेटच्या बरोबरीने बास्केटबॉल कळतो. आणि २०१५ मध्ये, मी शाळेत असताना, पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडले गेले. एनबीएने ड्राफ्ट केलेला तो पहिला भारतीय, आणि ५२ व्या क्रमांकावर त्याला निवडणारा संघ होता डॅलस मॅव्हरिक्स. सतनाम एनबीएचा एकही सामना खेळला नाही, पण आमच्यासारख्या कित्येकांचा संघ त्या दिवशी ठरला. तेव्हापासून सकाळी सहा-सातला मोबाइलवर सामना लावून, मग कॉलेज, मग नोकरी, असा आमचा दिनक्रम आहे.

आता हॅरिसन यांची बाजू. ती प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय टीका करणे मला पटत नाही. लुका बचावात कच्चा आहे. त्याचे वजन आणि तंदुरुस्ती हा दर हंगामातला चर्चेचा विषय होता. २०२४ च्या नाताळापासून पोटरीच्या दुखापतीमुळे तो बाहेर होता. येत्या उन्हाळ्यात त्याच्याशी पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार करावा लागला असता. उलट डेव्हिस हा लीगमधल्या उत्तम बचावपटूंपैकी एक आहे, २०२० चे विजेतेपद त्याच्या नावावर आहे. बचावाने विजेतेपदे मिळतात, असे हॅरिसन यांचे म्हणणे. हे सगळे मुद्दे खोटे नाहीत. एखाद्या मॅनेजरला लुका नको वाटला, तर तो त्याचा अधिकारही आहे.

पण मग किंमत बघा. २०२२ मध्ये मिनेसोटाने रुडी गोबेअरसाठी युटाला चार फर्स्ट राउंड पिक्स दिले, वर खेळाडू वेगळे. २०२४ मध्ये निक्सने मिकाल ब्रिजेससाठी पाच दिले. ब्रिजेस चांगला खेळाडू आहे, पण तो कधी ऑल-स्टारही झालेला नव्हता. खुद्द डेव्हिसला घेताना २०१९ मध्ये लेकर्सनी तीन तरुण खेळाडू आणि तीन फर्स्ट राउंड पिक्स मोजले होते. आणि डॅलसला लुकाच्या बदल्यात काय मिळाले? ३२ व्या वर्षाकडे निघालेला, वारंवार दुखापती होणारा डेव्हिस, तरुण मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक फर्स्ट राउंड पिक. लेकर्सकडचा २०३१ चा पिक लेकर्सकडेच राहिला आणि ऑस्टिन रीव्ह्सही तिथेच राहिला. घरातला दागिना विकायची वेळ आली तरी माणूस चार सोनारांकडे भाव विचारतो. हॅरिसन एकाच दुकानात गेले, दार लावून बसले आणि दुकानदाराने सांगितलेल्या भावाला हो म्हणाले. बाकीच्या २८ संघांना लुका उपलब्ध आहे हे बातमी वाचून कळले. आधीचे मालक मार्क क्युबन, ज्यांचा संघात अजून हिस्सा आहे, तेही नंतर म्हणाले की लुकाला द्यायचेच होते तर निदान सौदा तरी चांगला करायचा.

माझा पहिला आक्षेप हा आहे. मशवरा झाला नाही. गुप्तता ठेवल्याने गोंधळ टळतो, असे त्यांचे कारण. गोंधळ टळला, पण त्याबरोबर कुणीतरी "थांबा, नीट विचार करा" असे म्हणण्याची शक्यताही टळली. ज्या निर्णयाला विचारणारा कुणी नसतो, त्यातली चूक निर्णय झाल्यावरच दिसते. मशीद कमिटी असो, शाळेचे व्यवस्थापन असो की कोट्यवधींचा संघ, याला अपवाद नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ट्रेड झाल्याबरोबर लुकाच्या वजनाबद्दल, सवयींबद्दल, त्याच्या बेशिस्तीबद्दल बातम्या पसरू लागल्या. सात वर्षे ज्याचे पोस्टर लावून तिकिटे विकली, तो एका रात्रीत आळशी ठरला. निर्णय पचत नाही म्हणून माणसाला बदनाम करायचे, ही जुनी युक्ती आहे. एखाद्याला नोकरीवरून काढायचे आणि मग गल्लीत सांगत सुटायचे की तो कामाचाच नव्हता. कामाचा नव्हता तर इतकी वर्षे का ठेवलात? डॅलसचाच डर्क नोवित्स्की, जो एका संघात २१ हंगाम खेळला, तो लेकर्सकडून लुकाचा पहिला सामना बघायला लॉस एंजेलिसला गेला. काही न बोलता त्याने आपले मत नोंदवले.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. डेव्हिसने ८ फेब्रुवारीला पहिल्याच सामन्यात २६ गुण केले आणि त्याच सामन्यात जखमी होऊन सहा आठवडे बाहेर गेला. सगळा भार कायरी अर्व्हिंगवर आला. कायरी मुसलमान आहे, २०२१ मध्ये त्याने स्वतः ते जाहीर केले, आणि आमच्या ग्रुपमधल्या अनेकांचा त्याच्यावर वेगळा जीव आहे. ४ मार्चच्या सकाळी, आपल्याकडे तिसरा रोजा होता, कायरीचा गुडघा गेला. फाटलेल्या लिगामेंटवर उभे राहून, डोळ्यांत पाणी असताना, त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मग तो मैदानाबाहेर गेला. संघाने हंगाम ३९ विजय आणि ४३ पराभवांवर संपवला. एप्रिलमध्ये लुका लेकर्सच्या जर्सीत डॅलसला आला, त्याच्यासाठी लावलेला व्हिडिओ पाहून रडला आणि मग ४५ गुण करून गेला.

न्यायाने बोलायचे तर लेकर्सही त्या वर्षी पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-१ ने हरले. लुका म्हणजे विजेतेपदाची हमी नव्हे. पण निर्णय निकालावरून तोलायचा नसतो, घेतला त्या वेळी हातात काय होते यावरून तोलायचा असतो. म्हणूनच कूपर फ्लॅगचा युक्तिवाद मला मान्य नाही. मे २०२५ मध्ये फक्त १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला ड्राफ्टचा पहिला क्रमांक लागला आणि १८ वर्षांचा फ्लॅग मिळाला. लगेच काहींनी म्हटले, बघा, शेवटी चांगलेच झाले! अरे, घर जाळून बसलेल्या माणसाला लॉटरी लागली, तर घर जाळणे शहाणपणाचे ठरते का? फ्लॅग गुणी पोरगा आहे, त्याचे स्वागत आहे. पण त्याच्या येण्यात मॅनेजमेंटची कर्तबगारी शून्य.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. २००४ मध्ये याच संघाने स्टीव्ह नॅशला जाऊ दिले. पुढची दोन्ही वर्षे, २००५ आणि २००६, तो फिनिक्सकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०११ मध्ये विजेतेपद जिंकले आणि लगेच टायसन चँडलरला सोडले. पुढच्याच हंगामात तो निक्सकडून सर्वोत्तम बचावपटू झाला आणि डॅलसला प्लेऑफची पुढची मालिका जिंकायला २०२२ उजाडले. त्याच २०२२ मध्ये जेलन ब्रन्सन निक्सकडे गेला, चार वर्षांच्या १०.४ कोटी डॉलरच्या करारावर. डॅलसला बदल्यात काहीच मिळाले नाही. आधी यापेक्षा कितीतरी कमी पैशांत तो राहायला तयार होता. तेव्हा मालक क्युबन होते. म्हणजे आजच्या मालकांच्या नावाने बोटे मोडून जुन्यांना संत ठरवण्यातही अर्थ नाही. मालक बदलले, पण हातातला माणूस ओळखण्यात संघ पुन्हा पुन्हा कमी पडला.

आता आपल्यातल्या एका गोष्टीबद्दल बोलायलाच हवे. ट्रेडनंतर आमच्या ग्रुपमध्ये भराभर फॉरवर्ड येऊ लागले. संघ मुद्दाम बुडवून लास वेगासला नेणार, टेक्सासमध्ये कॅसिनो काढण्यासाठी हा सगळा डाव, लीगनेच ड्राफ्टची लॉटरी फिरवली. ॲडेल्सन कुटुंबाचा धंदा कॅसिनोचा आहे आणि टेक्सासमध्ये जुगार कायदेशीर व्हावा यासाठी त्यांचे प्रयत्न चालू आहेत, हे उघड आहे. पण त्यापुढच्या एकाही गोष्टीचा पुरावा फॉरवर्ड करणाऱ्याकडे नव्हता. आणि मग आले मालकांच्या धर्मावरचे मेसेज. "यहुदी आहेत ना, असंच करणार." दोस्तांनो, हे मला चालणार नाही, तुम्हालाही चालू नये. मिरियम ॲडेल्सन यांच्या राजकीय देणग्यांवर, इस्रायलबद्दलच्या त्यांच्या भूमिकेवर माझे तीव्र मतभेद आहेत आणि ते मी उघडपणे मांडतो. पण वाईट ट्रेडला धर्म नसतो. आडनाव ऐकून घर नाकारले जाते, नाव वाचून अर्ज बाजूला पडतो, तेव्हा कसे वाटते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जे माप आपल्याला लावलेले खपत नाही, ते दुसऱ्याला लावून आपला राग खरा ठरत नाही. उलट खरी तक्रार त्यात बुडून जाते.

डॅलसच्या चाहत्यांनी बऱ्याच अंशी ही तक्रार नीट लढवली. ते स्टेडियमबाहेर डर्कच्या पुतळ्याजवळ जमले, कुणी तिथे फुले ठेवली, कुणी शवपेटी आणली. "फायर निको"च्या घोषणा सामन्यामागून सामन्यात होत राहिल्या. काही प्रेक्षकांना बाहेर काढले गेले, तरी त्या थांबल्या नाहीत. मार्चमध्ये, संघ असा मोडलेला असताना, सीझन तिकिटांचे दर सरासरी ८ टक्क्यांहून जास्त वाढवले गेले. त्यावरही लोक बोलले. शेवटी नऊ महिन्यांनी मालकांना चाहत्यांच्या नावे पत्र लिहावे लागले. कुणी दगड मारला नाही, फक्त तेच तेच वाक्य न कंटाळता म्हणत राहिले. सार्वजनिक दबाव म्हणजे काय, हे यातून शिकण्यासारखे आहे.

पण काम अर्धेच झाले आहे. कायद्याने संघ मालकाचा असतो, मान्य. तरी ज्या शहराने चाळीसहून अधिक वर्षे तिकिटे काढली, ज्याच्या पोरांनी ७७ नंबरची जर्सी घातली, त्या शहराची ती अमानतही असते. अमानत सांभाळणाऱ्याने हिशेब द्यायचा असतो. चाहत्यांना खेळाडू निवडायचा अधिकार नको आहे, तो त्यांनी मागूही नये. त्यांना एवढेच हवे की मालकाने समोर बसून सांगावे: मंजुरी देण्यापूर्वी तुम्ही कुणाकुणाला विचारले? दुसरा सौदा का शोधला नाही? आणि नव्या मॅनेजरने उद्या फ्लॅगबद्दल असाच प्रस्ताव आणला, तर त्याला अडवणारा माणूस तुमच्या दालनात आहे का?

पत्रात याची उत्तरे नव्हती. ती मिळेपर्यंत घोषणा थांबवू नका, फक्त त्यातले नाव बदला.