विहिरीतली हडळ आणि तळ्याचे पाणी

पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला की खेड तालुका लागतो. त्या तालुक्यातले जगबुडीकाठचे तुंबाड मराठी वाचकाला ठाऊक झाले ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या 1987 च्या कादंबरीमुळे. खोती, जमीन आणि वासना यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब तीत आहे. पुढे 2018 साली 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. नाव पेंडशांच्या गावाचे, भयाचे बीज मात्र नारायण धारपांच्या कथेतले. लोभाची गोष्ट त्याने प्रभावीपणे सांगितली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गाव उरले ते पावसात कुजणाऱ्या एका शापित वाड्यापुरते!

धारप, मतकरी यांची पुस्तके गांभीर्याने लिहिलेली आहेत. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी मात्र एक साचाच तयार केला. शहरातून आडगावी आलेली नायिका, अबोल देखणा तरुण, तिन्हीसांजेनंतर कोणी न फिरकणारी विहीर. या पुस्तकांना हसून चालणार नाही, एस. टी.च्या प्रवासात आणि गावच्या वाचनालयात ती आवडीने वाचली जातात. त्यांच्यावर बंदी मागणे तर त्याहून चूक. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा बाईला चेटकीण ठरवून छळणाऱ्याविरुद्ध आहे, गोष्ट सांगणाऱ्याविरुद्ध नाही.

आक्षेप आहे तो वेगळाच. खऱ्या गावात दोघांच्या प्रेमाआड भावकी येते, जात येते, पोटासाठी मुंबई गाठण्याची सक्ती येते. कादंबरीत या सर्वांच्या जागी हडळ येते. लेखकाची मोठीच सोय होते. कोणाचे आडनाव घ्यावे लागत नाही. विहिरीत लोटलेली स्त्री हडळ होऊन शंभर पाने छळते आणि तिला लोटणारा पाटलाचा मुलगा पूर्वजन्मीची चूक म्हणून सुटतो.

महाडच्या वाचकाला तरी हे खटकावे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि त्या आवईवर माणसांची डोकी फुटली. मग 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून मंत्रोच्चारात पाणी 'शुद्ध' करण्यात आले. माणसाच्या ओंजळीने तळे बाटते, यापेक्षा अद्भुत कल्पना कोणत्या पिशाचकथेत आहे? हे भूत न्यायालयातून उतरवायला 17 मार्च 1937 उजाडावा लागला.

भीतीच हवी असेल तर तीही या मुलखात आहे. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आषाढात डोंगरउतारावरच्या वाडीतले लोक रात्र जागून काढतात ते हडळीच्या धाकाने नव्हे. अशा रात्री, जिची जात निराळी आहे त्या मुलीच्या घराकडे एखादा तरुण कंदील घेऊन धावला आणि सारी वाडी पाहत राहिली, तर एवढ्यावरही एक रहस्यकादंबरी उभी राहू शकेल.