डब्यातल्या रातकिड्यांचा हक्क

माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात बेडूक पाळला. दक्षिण अमेरिकेतला, पॅकमन फ्रॉग म्हणतात तो. अर्धा मातीत रुतून बसणारा आणि तोंडासमोर जे हलेल ते गिळणारा. अम्मीने आधी नाक मुरडलं. मग पैगंबरांनी (स.) बेडूक मारायला मनाई केल्याची हदीस कुणीतरी सांगितली आणि बेडकाला घरात जागा मिळाली. त्याच्यासाठी कुरिअरने आलेल्या शंभर रातकिड्यांसाठी मात्र कुणी हदीस शोधली नाही. डबा गॅलरीत पडून राहिला. आठवड्याने वास सुटला म्हणून उघडला, तर निम्मे मेलेले आणि उरलेले मेलेल्यांना खात होते. मी रागावलो. भाचा शांतपणे म्हणाला, "मामू, ते तर खाद्य आहे."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

बकरीदच्या आधी घरात येणारा बकराही खाद्यच असतो. तरी त्याला चारा-पाणी देतो, त्याच्यासमोर सुरीला धार लावत नाही. कापायचाच आहे म्हणून उपाशी ठेवला, तर मोहल्ल्यातली म्हातारी माणसं आपल्याला फाडून खातील. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. त्यात एक बारकावा आहे. त्या बाईने मांजरीला खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलंही नाही. म्हणजे प्राण्याने किडा खाणं यात काही वावगं नाही. गुन्हा कोंडून विसरण्याचा आहे. मग कोंडलेला जीव मांजर आहे की रातकिडा, याने काय फरक पडतो?

कुणी म्हणेल, घरातल्या झुरळांवर फवारा मारताना कुठे जातो हा विचार? झुरळ आपल्या पायाने आलं. रातकिडा मी पैसे देऊन मागवला, झाकण मी लावलं.

बरं, त्याची सोय करायला लागतं तरी काय? हवेशीर टब, लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, खायला कोंडा, गाजर, धुतलेला पाला. पाण्याची उघडी वाटी ठेवायची नाही, त्यात बुडून मरतात. ओला कापूस पुरतो. मादी ओल्या मातीत किंवा कोकोपीटमध्ये अंडी घालते. ऊब असली की दहा-पंधरा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं दिसतात, दीड-दोन महिन्यांत मोठी होतात. दाटी मात्र नको. तहान, भूक आणि गर्दी झाली की ते एकमेकांना खातात, रोगही पसरतो. 2002 मध्ये युरोपात आणि 2010 च्या आसपास अमेरिकेत एका विषाणूने रातकिड्यांची मोठमोठी फार्म ओस पाडली होती.

यात बेडकाचाही फायदा आहे. रातकिड्यात मुळात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. म्हणून खायला घालण्याआधी त्याला एक-दोन दिवस पोटभर चांगलं खाऊ घालायचं, वर कॅल्शियमची पूड लावायची. नाहीतर बेडकाची, सरड्याची हाडं मऊ पडतात, वाकतात. भुकेला किडा म्हणजे रिकामी पिशवी, ती गिळून काय मिळणार? आणि पिंजऱ्यात खायचा राहिलेला किडा रात्री सरड्यालाच चावतो, तेव्हा उरलेले काढून घ्यायचे.

हे सगळं जमणार नसेल तर बेडूक पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शौक एका जिवाचा म्हणून सुरू होतो, पण महिन्याकाठी शेकडो जीव घरात येतात. दुकानदार ते सांगत नाही.

भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग दोन टब आणले, एक मोठ्यांचा, एक पिल्लांचा. आता अम्मीची तक्रार आहे की फज्रच्या अजानआधी यांचीच किरकिर ऐकू येते. भाजी निवडताना गाजराची शेंडी मात्र ती गॅलरीकडे सरकवते.