कानातून येणारी चक्कर

घरात कुणाला चक्कर आली की आपण आधी बीपी पाहतो, मग अशक्तपणाला दोष देतो आणि शेवटी नजर उतरवतो. कानाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

कान फक्त ऐकण्यासाठी नाही. अंतर्कर्णात ऐकण्याच्या शंखासारख्या भागाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. शरीराचा तोल सांभाळण्याची कामगिरी अल्लाहने त्यांच्याकडे सोपवली आहे. बहुधा सर्दी-तापानंतर विषाणूमुळे तिथे सूज येते. मग दोन्ही कानांकडून मेंदूला जाणारे निरोप जुळत नाहीत. खोली गरगरते, उलट्या होतात, चालताना झोक जातो. सोबत ऐकू कमी आले तर त्याला लॅबिरिंथायटिस म्हणतात.

सजद्यात जाताना किंवा कूस बदलताना काही सेकंदच येणारी चक्कर बहुतेक वेळा वेगळी असते. त्यात कानातले सूक्ष्म कण जागा सोडतात. डॉक्टर डोके ठरावीक पद्धतीने वळवून ते जागेवर आणतात.

सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, घोट घोट पाणी आणि डॉक्टरांनी दिलेली चक्कर-उलटीची गोळी पुरेशी असते. तीच गोळी मनाने महिनाभर घेऊ नये. मेंदू हालचालीतूनच तोल पुन्हा शिकतो. गोळी आणि अंथरूण हे शिकणे लांबवतात. समोरच्या एका अक्षरावर नजर ठेवून मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवावी, भिंतीच्या आधाराने चालावे. सुरुवातीला थोडी चक्कर वाढेल, घाबरू नये. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

तोवर स्कूटर आणि शिडी टाळावी. वुजू स्टुलावर बसून करावा. फजरला उठताना दिवा लावावा, कारण अंधारात डोळ्यांचा आधार मिळत नाही. उभे राहवत नसेल तर नमाज बसून अदा करावी. शरीअतने आजाऱ्याला ही सवलत दिलेली आहे.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठावे, कारण उपचार लवकर झाले तरच ऐकणे परतण्याची आशा जास्त असते. कानात लसणाचे तेल घालून वाट पाहू नये. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले किंवा आधार देऊनही उभे राहता आले नाही, तर तो लकवा असू शकतो. तडक इस्पितळात न्यावे.

अम्मींना ‘पडून राहा’ म्हणणे प्रेमाचेच असते. पण उलट्या थांबल्यावर त्यांचा हात धरून त्यांना अंगणात चालवणे, ही त्याहून मोठी खिदमत आहे. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.