विश्लेषण : नोकरी कंपनीची, मग मोबाइल कोणाचा?

नव्या नोकरीचा पहिला दिवस. आयकार्ड हातात पडण्याआधीच एचआरचा ईमेल येतो : ऑफिसचा मेल मोबाइलवर हवा असेल तर सोबतचे अ‍ॅप टाका. अ‍ॅप एकामागून एक परवानग्या मागते आणि कर्मचारी ‘अलाऊ’ दाबत जातो. हिंजवडी असो की ऐरोली, आयटी कंपन्यांत हे रोजचेच. पण त्या परवानग्यांतून कंपनीच्या हाती नेमके काय लागले आणि कायदा तिला कुठे अडवतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कंपनीला काय दिसू शकते?

कंपनीच्या लॅपटॉपवर देखरेखीचे सॉफ्टवेअर असेल तर कोणती वेबसाइट उघडली, कोणती बटणे दाबली, स्क्रीनवर काय होते, हे सारे नोंदले जाऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण तोच लॅपटॉपवर उघडला तर स्क्रीनशॉटमध्ये येतोच.

स्वतःच्या मोबाइलचे गणित वेगळे आहे. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ची सोय असते. त्यात ऑफिसची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि कंपनीचा ताबा त्या कप्प्यापुरताच असतो. मात्र संपूर्ण फोनचा ताबा दिला असेल, तर नोकरी सोडताना कंपनी अख्खा फोन दुरूनच पुसू शकते. घरच्यांच्या फोटोंसकट.

भारतातील कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

या कायद्याचा पाया आहे संमती. ती मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि विनाअट दिलेली हवी. पण कलम ७ मध्ये काही अपवाद आहेत. त्यातला एक ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’, तसेच कंपनीचे नुकसान टाळण्यासाठी. या कारणासाठी माहिती वापरताना कर्मचाऱ्याची संमती लागत नाही.

मग अडचण कुठे आहे?

‘नोकरीचे प्रयोजन’ म्हणजे काय, याची व्याख्याच नाही. शिवाय, माहिती का घेतली जात आहे हे सांगणारी नोटीस संमतीशी जोडलेली आहे. आपल्याबद्दल काय साठवले आहे हे विचारण्याचा आणि ते दुरुस्त करून घेण्याचा हक्कही संमती देणाऱ्यालाच आहे. म्हणजे संमती गेली की तिच्यासोबत हे हक्कही जातात. स्वतः होऊन सार्वजनिक केलेली पोस्ट तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात घुसणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार बेकायदा आहे. पण वरिष्ठांच्या दबावाखाली कर्मचाऱ्याने स्वतःच पासवर्ड दिला, तर ‘परवानगी होती’ असे म्हणायला कंपनी मोकळी.

इतर देशांत काय?

अमेरिकेत उमेदवारांकडे फेसबुकचे पासवर्ड मागितले जाऊ लागले, तेव्हा २०१२ मध्ये मेरीलँड राज्याने त्यावर कायद्याने बंदी घातली. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला. रोमानियात याहू मेसेंजरवर खासगी गप्पा मारल्या म्हणून एका अभियंत्याला कंपनीने काढले होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. देखरेखीचे स्वरूप आणि व्याप्ती त्याला आधी सांगितली होती का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

करायला काय हवे?

कंपन्यांची भीती खोटी नाही. ग्राहकांचा डेटा नीट न सांभाळल्यास याच कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण ऑफिसच्या फायली सांभाळण्यासाठी घरचा अल्बम ताब्यात घ्यावा लागत नाही. पगार देणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे अवघड असते, त्यामुळे नोकरीतली संमती बहुतेकदा नावापुरतीच, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणून संमतीच काढून टाकणे, आणि तिच्या जागी काहीच न देणे, हा न्याय नव्हे.

मे २०२७ पर्यंत वेळ आहे. तोवर तीन गोष्टी कायद्यात याव्यात : वैयक्तिक खात्याचा पासवर्ड मागण्यास स्पष्ट बंदी, देखरेखीची लेखी पूर्वसूचना आणि स्वतःच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकायला नकार देणाऱ्याच्या नोकरीला संरक्षण.

तोपर्यंत ‘अलाऊ’ दाबण्याआधी एचआरला एकच प्रश्न ईमेलवर विचारावा : हे वर्क प्रोफाइल आहे की पूर्ण फोनचा ताबा? उत्तर लेखी आले, तर उद्या तोच पुरावा ठरेल.