टुराको, धनेश आणि ‘बंध’ अतिचार

परदेशी पक्ष्याची जोडी आणावी, पिले विकावीत आणि हौसेतून जोडधंदा उभा करावा, असा विचार अनेकांना भुरळ घालतो. आफ्रिकेच्या अरण्यातील टुराको हा असाच एक मोहक पक्षी. त्याच्या पंखांतील लाल रंगद्रव्यात तांबे असते. पपई, केळी यांसारख्या फळांवर तो पोसतो आणि काटक्यांच्या विरळ घरट्यात बहुधा दोन अंडी घालतो. मालवणची दमट हवा त्याला मानवेलही. परंतु विणीच्या काळात नर मादीवर धावून जातो आणि बंदिस्त जागेत तिला पळावयास वाट नसते. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिरव्या टुराकोची नोंदणी बंधनकारक झाली आहे. जन्म, मृत्यू व हस्तांतरही कळवावे लागते.

सरकारी नोंद झाली, तरी श्रावकाचा हिशेब पुरा होत नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. वेळेवर दाणापाणी दिल्याने शेवटचा टळतो. पहिला मात्र पिंजऱ्याच्या दारातच उभा असतो. दिल्लीच्या लाल मंदिरातील जैन पक्षी रुग्णालयात बरे झालेले पक्षी आकाशात सोडले जातात, त्यामागे हीच दृष्टी आहे.

फळे खाऊन रानात बिया पेरण्याचे जे काम टुराको आफ्रिकेत करतो, ते सिंधुदुर्गात धनेश करतो. विणीच्या वेळी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते. उरलेल्या फटीतून नर तिला फळे भरवतो. योग्य वेळी तीच लिंपण फोडून बाहेर येते. हा बंदिवास तिने स्वतः स्वीकारलेला असतो.

त्यासाठी तिला जुन्या झाडाची ढोली हवी आणि जवळपास वड, पिंपळ, उंबर हवेत. ही फळे पंच उदुंबरांतील, म्हणून जैन घरात अभक्ष्य. धनेशाचा मात्र संसार त्यांवरच चालतो. बागेच्या कडेचा जुना वृक्ष लाकडाच्या भावाने विकण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे. पिंजऱ्यासाठी योजलेली रक्कम असा एखादा वृक्ष राखण्यात खर्ची पडली, तर घरातील मुलांना पक्षीही पाहावयास मिळेल आणि व्रतही अभंग राहील.